ओशीच्या शेजारची जागा

व्हर्डीनं शेंगांचं पातेलं शेगडीवर आदळलं, तेव्हाच ऑर्बिन समजला, की ही बाई नुसती शेंगा शिजवायला आलेली नाही.

व्हर्डी म्हणजे ऑर्बिनच्या गेलेल्या बायकोची, ओशीची, थोरली बहीण. त्यांच्या माहेरच्या, सेक्स्टनांच्या घरातली पोरंटोरं लहानपणी तिला बघून खाटेखाली लपायची, आणि मोठी होऊन खाणीत उतरली तरी तिच्यासमोर टोपी काढून हातात धरायची. दोऱ्यात ओवून माळ्यावर वाळवलेल्या घेवड्याच्या शेंगा तिनं घरूनच भिजवून आणल्या होत्या. खारवलेल्या मांसाचा तुकडा सोबत आणला होता. एप्रनसुद्धा स्वतःचा आणला होता. ओशीचा एप्रन दारामागच्या खिळ्याला लटकत होता, पण त्याला तिनं हात लावला नाही. त्या घरात कुणीच लावत नव्हतं.

उद्या ओशीची स्मरणसभा होती. या खोऱ्यात माणसाला पुरतात घाईनं आणि रडतात सवडीनं, असं ऑर्बिनचा बाप म्हणायचा. ओशीला पुरलं त्याला आठ महिने होत आले होते. तेव्हा खोदणाऱ्यांच्या बुटांना चिखल लागत होता, आणि ओशीच्या भावानं, कॉर्बेटनं, दोन शब्द बोलून सगळ्यांना घरी पाठवलं होतं. खरं रडणं जूनमध्ये. गेलेल्यांचे फोटो समोर मांडून, मंडळींनी जुन्या चालीत गाऊन, उपदेशकांनी रडून आणि रडवून, मग झाडाखाली पंगत. त्यासाठी लेनोरा, ऑर्बिनची मुलगी, ओहायोतल्या डेटनहून काल येऊन दाखल झाली होती. मुलगा गेलेन ओढ्यापलीकडेच राहायचा. तो खुर्च्या मोजायच्या निमित्तानं आला होता आणि मावशीचं तोंड बघून दारातच थबकला होता.

"काल पुन्हा वर थडग्यांपाशी नेलंस ते टेपचं डबडं," व्हर्डी म्हणाली. पाठ वळवलेलीच होती.

"नेलं," ऑर्बिन म्हणाला.

"माझ्या आईबापाच्या छातीवर उभं राहून त्या बेवड्याला गायला लावलंस."

"आवाज बारीक होता गं."

"खोऱ्यात आवाज बारीक राहतो होय? माझ्या पडवीत बसून मला एकेक शब्द ऐकू येतो. कोंबड्या खुराड्यात जायच्या वेळेला तुझा तो क्लेटन मॅबरी सुरू. रोज. इथं खाली माणसं जेवायला बसलीत आणि वर टेकडीवर तुझा तमाशा."

"मग मावशी, खिडकी लावून घे की," लेनोरा बटाटे सोलता सोलता म्हणाली.

"तू बोलू नकोस, डेटनवाले. नवरा सोडलेल्या बायकांनी दुसऱ्याच्या नवऱ्याबायकोत बोलू नये."

"मग हा नियम तुलाही लागू आहे, मावशी."

गेलेननं डोळे मिटून घेतले. लेनोराला आपली जीभ कुठे गेली ते कळलं, पण सुटलेला शब्द काही परत येत नाही.

हायरमचं नाव त्या कुटुंबात कुणी घेत नसे. हायरम न्यूसम, व्हर्डीचा नवरा. देखणा, हसरा, आणि शनिवारी ताळतंत्र सोडणारा. तालुक्याच्या हद्दीबाहेर एक दारूचा गुत्ता होता, तिथं तेव्हा तरणा क्लेटन मॅबरी गिटार घेऊन गायचा, आणि हायरम त्याच्या पुढ्यात बसायचा, तो पहाटेपर्यंत. एका पहाटे घरी येताना त्यानं ट्रक नदीत घातला. व्हर्डी तेव्हा तिशीचीसुद्धा नव्हती. तिनं निरोप घेऊन आलेल्यांना दारातूनच सांगितलं, की माझ्या बापाच्या टेकडीवर त्याला जागा नाही. शेवटी न्यूसमांनी त्याला त्यांच्या बीच फोर्कच्या खोऱ्यात नेऊन पुरलं. व्हर्डी गेली नाही. तिच्या धाकानं सेक्स्टनांपैकी कुणीही गेलं नाही, आणि सेक्स्टनांचा जावई म्हणून ऑर्बिनही गेला नाही. त्यानंतर व्हर्डीनं कुणापुढे टिपूसही गाळलं नाही. लोक म्हणायचे, काय खंबीर बाई आहे. लोकांना काय, दुसऱ्याचा खंबीरपणा आवडतोच.

"ऐक, ऑर्बिन," ती आता वळली. हातात पळी होती. "टेकडी माझ्या आणि कॉर्बेटच्या नावावर आहे. ओशी माझी बहीण, ती तिथंच राहील. तिच्या दगडावर तू तुझंही नाव कोरून घेतलंस, मी काही बोलले नाही. पण उद्यानंतर ते डबडं एकदा जरी वर गेलं, तर तू तुझ्यासाठी दुसरी जागा शोध. न्यूसमांकडे मागून बघ. त्यांना गाणाऱ्यांचं वावडं नाही."

"मावशी!" लेनोरा म्हणाली.

"बाबा, ती काही चुकीचं नाही बोलत," गेलेन दारातून म्हणाला. "लोक मला विचारतात. दुकानात विचारतात, गाडीत पेट्रोल भरताना विचारतात. तुझ्या बापाचं डोकं ठिकाणावर आहे ना रे, म्हणून."

"मग काय सांगतोस तू?"

"सांगतो, आहे म्हणून." गेलेननं दाराची चौकट नखानं खरवडली. "पण मलाही खात्री नसते."

खाणीतल्या धुळीनं ऑर्बिनची फुप्फुसं अर्धी खाल्ली होती, त्यामुळे भांडायचं तर त्याला आधी दम साठवावा लागे, आणि तोवर समोरच्याचं बोलून झालेलं असे. त्यानं हात पुसले आणि तो पडवीत जाऊन बसला.

व्हर्डीचं ऐकून कुणालाही वाटलं असतं, की ऑर्बिनला पहिल्यापासून गाण्याबजावण्याचा नाद असणार. तसं काही नव्हतं. ओशी जिवंत असताना त्यानं मॅबरीचं नाव फक्त व्हर्डीच्या शिव्यांमध्ये ऐकलं होतं. लेक्सिंग्टनच्या हॉस्पिटलातून तो ओशीच्या चपला कागदी पिशवीत घेऊन एकटा परत येत होता, तेव्हा ट्रकचा रेडिओ आपसूक लागला. म्हातारा झालेला मॅबरी गात होता. बायको गेल्यावर केलेली गाणी होती ती. घसा बसलेला, आवाज फाटका. ऑर्बिननं ट्रक कडेला घेतला, आणि गाणं संपल्यावरही बराच वेळ त्याला पुन्हा गाडी सुरू करता आली नाही.

अंत्यविधीला सगळे म्हणाले, ओशी चांगल्या ठिकाणी गेली. कॉर्बेट म्हणाला, शेजारी म्हणाले, डेटनहून आलेली लेनोराही तेच म्हणाली. मॅबरी एकटाच म्हणत होता, की इथं वाईट झालं. ऑर्बिनला तेवढंच ऐकायचं होतं. त्यानं त्या गाण्यांची टेप विकत घेतली, लेनोराच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली, आणि रोज संध्याकाळी तो टेकडी चढू लागला, कारण ओशीला सोडून एकट्यानं ते ऐकणं त्याला चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं.

दुपारी कॉर्बेट आला. ओशीचा धाकटा भाऊ, चर्चच्या मंडळाचा मुख्य उपदेशक, आठवडाभर शाळेची बस चालवणारा आणि रविवारी देवाची. माणूस गोड. दोन्हीकडच्यांना राजी ठेवण्यात त्याची हयात गेली होती, आणि त्यामुळे दोन्हीकडचे त्याच्यावर थोडे थोडे नाराज असत. तो पडवीत ऑर्बिनच्या बाजूला टेकला.

"दाजी, व्हर्डीचं तुम्हाला ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे."

"ती बोलते ते करते."

"तेही ठाऊक आहे."

"मी काय म्हणतो, उद्या सभेत ओशीचं आवडतं भजन तुम्ही द्या. सगळ्यांसमोर एकेक ओळ द्या, मंडळी मागून घेतील. तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही, लोक कुरकुरतील, ते माझ्याकडे लागलं. व्हर्डीला दिसेल, की तुम्ही ते वाद्यबिद्य सोडलंत आणि आमच्या चालीवर आलात. विषय संपला. दगडावरचं नाव राहील."

"आणि टेप?"

कॉर्बेटनं ओढ्याकडे बघितलं. "दाजी, त्यात असं काय आहे हो? आमच्या भजनांत काय कमी आहे?"

ऑर्बिनला सांगायचं होतं. कमी काही नाही, उलट जास्त आहे. तुमच्या प्रत्येक भजनात शेवटी सगळे नदीपलीकडे देवाघरी भेटतात, आणि मी अजून अलीकडेच आहे. पण एवढं लांब वाक्य बोलायला छातीत वारा नव्हता.

"देतो ओळ," तो म्हणाला. "आणि टेप गेलेनकडे देतो."

आतून सुरी आपटल्याचा आवाज आला. लेनोरा दारात आली. तिचे डोळे लाल होते, आणि ते कांद्यानं झाले असं म्हणायला कांदा कुठे नव्हता.

"बाबा, तुम्ही सहा महिने फोनवर माझ्याशी धड चार वाक्यं बोलला नाहीत. त्या गाण्यांविषयी मात्र बोलायचात. तेवढंच बोलायचात. ते पण देऊन टाकताय?"

"माझं नाव तिथं कोरलंय, लेनोरा."

"दगडावरच्या नावाचं काय एवढं?"

"तू अजून लहान आहेस," ऑर्बिन म्हणाला. लेनोरा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती.

टेपरेकॉर्डर त्यानं स्वतः गेलेनच्या हातात दिला. गेलेननं तो घेतला आणि दोन हातांत धरून उभा राहिला, जणू कुणीतरी लेकरू मांडीवर ठेवलंय आणि आता त्याचं काय करायचं ते सांगितलेलं नाही. संध्याकाळी ऑर्बिन सवयीनं टेकडी चढला. ओशीच्या शेजारी उभा राहिला. दगडावर डावीकडे तिचं नाव, दोन तारखा. उजवीकडे त्याचं नाव, एक तारीख, आणि पुढे कोरी जागा. त्या जागेकडे बघून त्याला नेहमी बरं वाटायचं. आज तिथं कुणीतरी पहारा बसवल्यासारखं वाटलं, आणि तो लवकरच खाली आला.

रविवारी चर्च भरून गेलं होतं. ओढ्याकाठची ती लाकडी पांढरी इमारत, खिडक्या सताड उघड्या, बायका पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घेत होत्या. पुढच्या टेबलावर फोटो मांडले होते. ओशीचा फोटो निळ्या झग्यातला, लेनोराच्या लग्नात काढलेला. ते लग्न टिकलं नाही, पण फोटो चांगला आला होता.

या मंडळात वाद्य नाही. पेटी नाही, गिटार नाही, स्वर लिहिलेलं पुस्तक नाही. एकजण उभा राहून ओळ भरभर म्हणून देतो, आणि सगळे ती ओळ घेतात, सावकाश, ताणून, वळणं घेत घेत, जो तो आपल्या वाटेनं आणि तरी सगळे मिळून. ओळ संपायच्या आत देणाऱ्यानं पुढची द्यायची. घेणाऱ्यांनी विचार करायचा नसतो. मिळेल ती ओळ घ्यायची, एवढंच लहानपणापासून प्रत्येकाच्या रक्तात भिनलेलं.

दोन उपदेशक बोलून घामाघूम होऊन बसले. मग कॉर्बेट उठला. "माझ्या बहिणीचं भजन आज तिचा नवरा देईल," तो म्हणाला. पुरुषांच्या बाकांवर थोडी चुळबुळ झाली. ऑर्बिन उभा राहिला. समोरच्या बाकाची पाठ त्यानं घट्ट धरली. बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत व्हर्डी होती, काळ्या टोपीत, मान ताठ.

ओशीचं भजन त्याला तोंडपाठ होतं. सकाळी दाढी करताना त्यानं ते दोनदा म्हणून बघितलं होतं. त्यानं ओशीच्या फोटोकडे बघितलं, श्वास घेतला आणि ओळ दिली.

"कॉफी मी आजही दोघांची केली..."

मंडळींनी ओळ घेतली. साठ-सत्तर माणसांनी डोळे मिटून, मान मागे टाकून घेतली. कॉफी या शब्दाशी कुणी अडखळलं नाही. आवाज छताला लागला आणि खिडक्यांतून ओढ्यावर गेला.

ऑर्बिनला कळलं, हे ओशीचं भजन नव्हतं, मॅबरीचं गाणं होतं. रोज संध्याकाळी ओशीच्या समोर उभं राहिलं, की जे ओठांवर यायचं तेच आलं होतं. आठ महिन्यांची सवय, तिनं भजन बाजूला सारलं होतं. आता काय करावं? थांबला असता तर? पण ओळ संपत आली होती, लोकांची तोंडं उघडी होती. त्यांना तसंच ठेवणं म्हणजे माणसं पुलाच्या मधोमध नेऊन फळ्या काढून घेण्यासारखं होतं. त्यानं पुढची दिली.

"एक पेला भरला, एक तसाच थंड झाला..."

घेतली. कुठेतरी एका बाईनं हुंदका दिला.

"तू गेलीस तिथं सकाळ होते का गं..."

"की माझ्याच दारी उजेड उशिरा आला..."

टेपवर हे गाणं झपाझप चालायचं, मागे व्हायोलिन असायचं. इथं ते इतकं हळू चाललं होतं, की एकेका शब्दात माणूस बसून रडू शकला असता, आणि बसले होते ते तेच करत होते. ऑर्बिननं हे गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं, पण ते एका माणसाचं दुःख होतं, दुसऱ्या एका माणसाच्या कानात. आता सगळं खोरं ते गात होतं. त्यानं बायकांच्या बाजूला बघितलं. व्हर्डी गात नव्हती. ती त्याच्याकडेच बघत होती. तिला पहिल्या ओळीलाच कळलं होतं. कळणारच. आठ महिने पडवीत बसून एकेक शब्द ऐकलेला.

संपलं, ऑर्बिनच्या मनात आलं. जागा गेली. आणि गेलीच आहे, तर पुरं तरी करू.

"तुझा कोट खुंटीवर तसाच आहे गं..."

"जाता-येता त्याची बाही धरतो जरा..."

कॉर्बेटच्या चेहऱ्यावर आता कुठे काहीतरी उमटलं होतं. तो अर्धवट उठला, पुन्हा बसला.

"लोक विचारतात, बाबा, कसं चाललंय..."

आणि इथं ऑर्बिनचा दम संपला. छाती नुसती वरखाली झाली, घशातून खाणीतल्या पंख्यासारखी घरघर आली, शब्द आला नाही. मंडळींनी ओळ ताणली, ताणली, शेवटी ती संपली. सगळे वाट बघत होते. स्मरणसभेत गाणं अर्ध्यावर तुटणं म्हणजे गेलेल्या माणसाला अर्ध्या वाटेत टाकणं, असं तिथं मानतात. पुढची ओळ कुणालाच ठाऊक नव्हती. गेलेन लाल होऊन जमिनीकडे बघत होता. लेनोरा उठायच्या बेतात होती.

"तोंड म्हणतं, बरं आहे, मी कुठला बरा."

आवाज कोरडा होता, भरभर दिलेला, खणखणीत. बायकांच्या बाजूनं आला. त्या मंडळात बाईनं कधी ओळ दिलेली नव्हती. व्हर्डी बसल्या जागीच होती, मान तशीच ताठ, फक्त पंखा हातातून पडला होता.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग सवयीनंच सगळ्यांनी ओळ घेतली.

गाणं चालू असताना उपदेशकानं खाली उतरून लोकांचे हात हातात घ्यायचे, ही तिथली रीत. कॉर्बेट उतरला. ऑर्बिनचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला, आणि मग जाऊन उपदेशाला उभा राहिला. गाण्याविषयी त्यानं चकार शब्द काढला नाही. बाहेर आल्यावर नव्वदीची मिझूरी आजी ऑर्बिनला अडवून म्हणाली, की हे जुनं भजन आजकालची पोरं विसरली रे, माझी आजी गोधड्या शिवताना म्हणायची. ऑर्बिननं मान डोलावली.

झाडाखाली लांब टेबलं लागली होती. चिकन, मक्याचा पाव, वाळल्या सफरचंदांचा थरांचा केक, आणि व्हर्डीच्या शेंगा. व्हर्डी मात्र तिथं नव्हती. गेलेननं हनुवटीनं दाखवलं. ती ऑर्बिनच्या ट्रकमध्ये बसली होती, दार लावून.

"बाबा, मी येऊ का सोबत?" गेलेननं विचारलं. "मारलं बिरलं तर?"

"तू जेव," ऑर्बिन म्हणाला.

तो ट्रकमध्ये चढला. व्हर्डी समोरच्या काचेतून बघत होती.

"बीच फोर्कला घे," ती म्हणाली.

"पंगत चाललीय, व्हर्डी. तुझ्या शेंगा..."

"शेंगांना मी वाढायला लागत नाही. घे म्हटलं ना."

रस्ता डोंगराच्या कडेनं जातो, खाली नदी. ज्या वळणावर हायरमचा ट्रक गेला होता, ते वळण गेलं. व्हर्डीनं तिकडे बघितलं नाही, पण हातातला रुमाल पिळला.

"आधी मी शिव्या द्यायला ऐकायचे," ती म्हणाली. "तू वर गेलास की पडवीत बसायचे, शिव्या द्यायचे. मग शब्द पाठ झाले. मग एखाद दिवशी तू उशीर केलास की माझाच जीव खालीवर. आज का नाही आला मेला, म्हणून."

"मला सांगायचंस."

"काय सांगणार? ज्यानं माझा संसार बुडवला त्याचं गाणं मला गोड लागतंय, हे? तुला सांगणार?" तिनं पिळलेला रुमाल मांडीवर सरळ केला. "मी तुझ्यावर जळत होते, ऑर्बिन. ओशी गेली तर सगळं खोरं तुझ्या दारात. तुला रडायला टेकडी, तुला रडायला गाणं. मला काय होतं? मीच कुणाला दारात येऊ दिलं नाही, ते खरं. पण कुणी दुसऱ्यांदा आलंही नाही."

ऑर्बिननं गाडी चालवली. जे दुसऱ्यांदा आले नव्हते, त्यांत तोही होता.

"दगडावर तुझं नाव आहे ते राहू दे," ती म्हणाली. "मी काय ते घासून काढणार होते?"

"काढलं असतंस."

"काढलं असतं," व्हर्डी म्हणाली.

बीच फोर्कला न्यूसमांपैकी कुणी उरलं नव्हतं. एकेक करून सगळे मिशिगनला कारखान्यांत गेले, घरं कोसळली. चर्चच्या जागी पायऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. थडग्यांची जागा त्यामागच्या चढावर. ऑर्बिननं ट्रक उभा केला आणि दोघं चढली. तो दम घेत, ती झगा वर धरून. वरती काटेरी झुडपं कमरेपर्यंत आली होती. गरिबांची थडगी, कोरीव दगड फार थोडे, बाकी नुसते नदीतले दगड उभे रोवलेले, बिनअक्षरांचे. अर्धे आडवे झाले होते.

व्हर्डी पहिल्या दगडाशी वाकली. हातानं त्यावरची माती पुसली. काही नव्हतं. दुसऱ्याशी गेली. मग तिसऱ्याशी. काट्यांनी तिचे पायमोजे फाटले, काळी टोपी एका फांदीला अडकून राहिली, ती तिनं सोडवली नाही.

"हा असेल का?"

"मला ठाऊक नाही, व्हर्डी."

"तू आला होतास का पुरायला?"

"नाही. तू नको म्हणाली होतीस."

"ओशी?"

"तीही नाही."

ती पुढे गेली. झुडपांत तिचं डोकं दिसायचं, दिसेनासं व्हायचं. ऑर्बिनही दुसऱ्या बाजूनं शोधू लागला. पण शोधायचं म्हणजे काय? दगडासारखा दगड. विचारायला माणूस नाही. सूर्य कलायला लागला. तिचा आवाज आला, तो त्यानं कधी न ऐकलेला, लहान मुलीसारखा.

"मी त्याला कुठे ठेवला गं बाई?"

तो तिच्याकडे गेला. ती मधोमध उभी होती, चारी बाजूंना दगड. तोंडावर ओरखडे होते, आणि ती रडत होती, तोंड न झाकता, नाक न पुसता. चाळीस वर्षांचं साठलेलं. ऑर्बिननं तिला धरलं नाही. तिनं धरू दिलं नसतं. तो नुसता जवळ उभा राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं बाहीनं तोंड पुसलं.

"ओळ दे," ती म्हणाली.

"व्हर्डी, दम नाही गं मला."

"हळू दे. इथंच कुठंतरी आहे तो. ऐकेल."

ऑर्बिननं श्वास साठवला आणि ओळ दिली. ती घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. व्हर्डीनं एकटीनं घेतली.